खाला ब्रेडचा सिलिकॉन साचा: वेणी, की वेणीचा नुसता ठसा?

खाला म्हणजे ज्यू घरांतला वेणीचा ब्रेड. त्याचा हा साचा दिसायला झकास आहे. साधारण २८ ते ३० सेंटिमीटर लांब, मधे ११-१२ सेंटिमीटर रुंद, टोकांना निमुळता आणि आतून सहापेडी वेणीचा उलटा ठसा. वेगवेगळ्या नावांनी आणि रंगांत मिळतो, पण वस्तू एकच. दावाही एकच: पीठ आत ठेवा, फुगू द्या, भाजा, पालथा करा. पेड वळायला नकोत, वेणी घालायला नको, तरी टेबलावर वेणीचा खाला हजर.

निकाल आधीच सांगून टाकू. मैद्याचा नेहमीचा खाला करणार असाल तर हा साचा घेऊ नका. ग्लूटेन-फ्री, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन नसलेला, खाला करणार असाल तर जरूर घ्या. आणि ज्यांची वेणी ट्रेवर दर वेळी थापल्यासारखी पसरते, त्यांच्यासाठी याहून सोपा उपाय आहे, तो पुढे येतोच.

नावाबद्दल एक खुलासा. हिब्रूतला पहिला उच्चार ‘ख’ आणि ‘ह’ यांच्या मधला, घशातून येणारा. ‘चल्ला’ हा रोमन स्पेलिंग वाचून झालेला घोटाळा. ‘हल्ला’ लिहावं तर मराठीत मारामारी सुरू होते. म्हणून इथे खाला.

साच्याची पहिली अडचण त्याच्या रचनेतच आहे. ठसा तळाला आहे. म्हणजे ब्रेडचा जो भाग शेवटी वर यायचा, जो सगळ्यांना दिसायचा, तो भाजताना खाली दबलेला असतो. हातानं घातलेल्या वेणीवर ओव्हनची कोरडी, गरम हवा थेट लागते आणि अंड्याचा हात दिलेला असतो, म्हणून ती तांबूस-तपकिरी, चकचकीत होते. साच्यात याच्या नेमकं उलट घडतं. सिलिकॉन उष्णता फार सावकाश पुढे ढकलतं; ॲल्युमिनियमच्या तुलनेत त्याची उष्णतावाहकता शेकडो पटींनी कमी. शिवाय पिठातून निघणारी वाफ साचा आणि ब्रेड यांच्यामध्ये अडकते. ब्रेडला रंग यायला पृष्ठभाग कोरडा व्हावा लागतो आणि तापमान साधारण १४० अंशांच्या वर जावं लागतं. ओलसर पृष्ठभाग शंभराच्या आसपासच घुटमळतो. परिणाम असा की साच्यातून काढलेला खाला वरून फिकट, मऊ, किंचित ओलसर असतो, आणि खरपूस झालेलं असतं ते त्याचं बूड. पाकिटावरच्या चित्रातला लखलखीत ब्रेड नुसत्या ‘भाजा आणि काढा’ या कृतीनं मिळत नाही.

यावर तोड आहे, पण त्याआधी पीठ. पीठ जमलेलं नसेल तर साच्यालाही दोष देता येत नाही आणि हातालाही.

दोन मध्यम ब्रेडसाठी हे प्रमाण भरवशाचं: ब्रेडचा मैदा ५०० ग्रॅम (प्रथिनं ११ ते १२.५ टक्के), पाणी १९० ग्रॅम, दोन पूर्ण अंडी आणि एक बलक मिळून सुमारे ११८ ग्रॅम, वास नसलेलं तेल ५० ग्रॅम, साखर ५० ग्रॅम, मीठ ९ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ६ ग्रॅम. एकूण पीठ ९२० ग्रॅमच्या आसपास भरतं. अंड्यातलं पाणी धरलं तर ओलावा मैद्याच्या सुमारे ५५ टक्के होतो. ऐकायला कमी वाटतो, पण वेणीला एवढाच हवा. ६२-६५ टक्क्यांवर ब्रेड अधिक हलका होईल, पेड मात्र एकमेकांत विरघळून जातील. मैदा कमी प्रथिनांचा असेल तर पाणी १७० वर आणा आणि लागलंच तर चमच्या-चमच्यानं वाढवा. साखरेऐवजी तेवढाच मध घेतलात तर पाणी १० ग्रॅमनं कमी करा. मधाचा खाला लवकर रंग धरतो, हेही ध्यानात असू द्या. साखर मैद्याच्या १० टक्क्यांपर्यंत असेल तोवर साधं इन्स्टंट यीस्ट नीट चालतं. त्याच्या बरंच पुढे गेलात की साखर पाणी ओढून घेते आणि यीस्ट रखडतं. तेव्हा गोड पिठासाठी मिळणारं वेगळं यीस्ट वापरायचं किंवा फुगायला जास्त वेळ द्यायचा.

तेल सोडून सगळं एकत्र करून दोन-तीन मिनिटं मळा, मग तेल थोडं थोडं घाला. मिक्सरच्या हुकानं मंद वेगावर ८ ते १० मिनिटं, हातानं १२ ते १५. तेल पहिल्यापासून घातलं तरी खाला होतो, फक्त पिठाला ताण यायला वेळ लागतो. मळून झालेलं पीठ भांड्याच्या कडा सोडतं, बोटाला किंचित चिकटतं पण बोटावर राहत नाही. सुपारीएवढा तुकडा ताणून पाहा: पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ पापुद्रा न फाटता झाला पाहिजे. पीठ २५-२६ अंशांवर असलं तर दुप्पट व्हायला दीड ते दोन तास लागतात. घाई नसेल तर झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. थंड पिठाचे पेड वळायला सोपे जातात आणि चवही खुलते.

आता साचा. किती पीठ घालायचं हे पाकिटावर बहुधा ‘कप’ मोजून सांगितलेलं असतं. त्याला अर्थ नाही. साचा वजनकाट्यावर ठेवा, पाण्यानं काठोकाठ भरा आणि पाण्याचं वजन बघा. त्याचा तिसरा हिस्सा एवढं पीठ घ्यायचं. १४०० ग्रॅम पाणी मावत असेल तर ४६० ग्रॅम पीठ, म्हणजे वरच्या प्रमाणातलं बरोबर निम्मं. जास्त घातलं तर पीठ काठाच्या वर घुमटासारखं येतं, आणि पालथा केल्यावर तोच घुमट बूड होतो: ब्रेड टेबलावर होडीसारखा डुलतो. कमी घातलं तर खालचे उंचवटे भरतात, पण कडेच्या पेडांचा आकार अर्धवट राहतो.

पीठ नुसतं कोंबू नका. ठशाच्या खाचांत हवा अडकते आणि भाजल्यावर नेमक्या वेणीच्या उंचवट्यांवर खड्डे दिसतात, देवीच्या व्रणांसारखे. पीठ आधी दाबून हवा काढा, आयताकृती लाटा, घट्ट सुरळी करा, जोड चिमटून बंद करा. जोडाची बाजू वर आणि गुळगुळीत बाजू ठशाकडे, अशी साच्यात ठेवा. मग मधून टोकांकडे बोटांनी दाबत न्या आणि साचा ट्रेसकट ओट्यावर दोनदा आपटा. साच्याला तेलाचा हात अगदी पुसटसा. खाचेत तेल साचलं तर तिथलं पीठ तळल्यासारखं होतं आणि सुरकुततं. लेसिथिन असलेले स्प्रे सिलिकॉनवर वापरू नयेत. त्यांचा थर हळूहळू चिकट होत जातो आणि मग साबणालाही दाद देत नाही.

साच्याची दुसरी अडचण म्हणजे पोट. सिलिकॉनच्या भिंती मऊ असतात. पीठ फुगताना त्या मध्यभागी बाहेर ढकलल्या जातात आणि ब्रेड ढेरपोट्या निघतो. काठात पोलादी कडी बसवलेला साचा मिळाला तर तोच घ्या, फरक पडतो. नसेल तर दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम फॉइलच्या जाड वळकट्या टेकवून ठेवा. आणि साचा भरण्याआधीच ट्रेवर ठेवा. भरलेला साचा हातानं उचलला की वाकतो आणि तासभर फुगलेलं पीठ एका क्षणात बसतं.

भाजणी दोन टप्प्यांत करावी लागते. ओव्हन १८० अंशांवर (पंख्याचा असेल तर १६०-१६५) तापवून साच्यातच सुमारे २५ मिनिटं. मग थर्मामीटर टोचा. आतलं तापमान निदान ८२-८४ अंश झालं असेल तरच बाहेर काढा. त्याआधी आतली जाळी पुरती घट्ट झालेली नसते, आणि पालथा करताच ब्रेड स्वतःच्या वजनानं चेपतो व उंचवटे सपाट होतात. पालथा ब्रेड ट्रेवर ठेवून अंड्याचा हात द्या, तीळ किंवा खसखस भुरभुरवा आणि आणखी ८ ते १२ मिनिटं भाजा, आत ८८ ते ९० अंश होईपर्यंत. इथे हात चपळ हवा. ब्रेड गरम असतो, अंडं लागताक्षणी शिजायला लागतं, आणि त्याच जागी ब्रश दुसऱ्यांदा फिरवला की अंड्याच्या भुरजीसारखे कण उठतात. एकदाच, पातळ, एका दिशेनं. एवढं केलं की रंग चांगला येतो. हाताच्या वेणीची काचेसारखी चमक मात्र येत नाही. त्या वेणीवर अंड्याचा पहिला थर कच्च्या पिठावर सुकलेला असतो आणि दुसरा भाजण्याआधी त्यावर चढतो. इथे पहिल्या थराला जागाच नाही.

इतकं सगळं केल्यावर हातात येतं ते काय? वेणीचं चित्र असलेला एक चांगला पाव. यात कुचेष्टा नाही, पण फरक कळायचा तर ब्रेड कापू नका, तोडा. हातानं घातलेल्या वेणीत प्रत्येक पेड स्वतंत्र लाटलेला, गुंडाळलेला, ओढलेला असतो. त्याची जाळी लांबीच्या दिशेनं ताणलेली असते आणि त्याला स्वतःची पातळ त्वचा असते. टोकाकडचा उंचवटा चिमटीत धरून ओढलात की तो शेजारच्या पेडापासून अलगद सुटतो आणि सुटताना धागे-धागे निघतात. त्या फाटलेल्या कडेवर फिकट पिवळे, लांबट तंतू दिसतात. साच्यातला खाला तोडला तर कुठेही तुटतो, कारण आत पेड नाहीतच. एकच उंडा आहे. जाळी चांगली, चव तीच, पण तुकडा वेडावाकडा निघतो आणि कणी जास्त पडते. वेणी ही ब्रेडच्या आत असते. साचा ती फक्त सालीवर काढून देतो.

शिवाय वेणी घालणं हे लोकांना वाटतं तेवढं अवघड नाही. अवघड असतं ते पेड वळणं, आणि तिथे बहुतेक जण घाई करतात.

४६० ग्रॅम पिठाचे सहा भाग करा, प्रत्येकी ७६-७७ ग्रॅम. डोळ्यांच्या अंदाजानं नाही, काट्यावर. एक पेड ९० आणि शेजारचा ६५ असेल तर वेणी एका अंगाला वळणारच. प्रत्येक भाग लाटण्यानं लांबट लाटून हवा काढा, लांब बाजूनं घट्ट सुरळी करा, जोड चिमटा. नुसता उंडा तळव्याखाली घासून लांब केला तर आत हवेचे फुगे राहतात आणि पेड जागोजागी गाठाळ होतो. सुरळ्या झाकून दहा मिनिटं ठेवा. हीच ती दहा मिनिटं जी गाळली जातात. विश्रांती न घेतलेला पेड लांब केला की रबरासारखा आखडतो. माणूस तो पुन्हा ओढतो, त्वचा फाटते, आणि मग ‘मला जमत नाही’ म्हणून साचा मागवला जातो. विसाव्यानंतर तोच पेड ३५ सेंटिमीटरपर्यंत आपणहून जातो. टोकं निमुळती करा, मधला भाग थोडा जाड ठेवा. शेवटी पेडांवर कोरडा मैदा अगदी चिमूटभर भुरभुरवून हात फिरवा. त्या पुसट थरामुळे पेड भाजताना एकमेकांत मिसळत नाहीत आणि वेणीच्या रेषा ठळक उठतात.

सहापेडीचा नियम एका ओळीचा आहे: सगळ्यात उजवीकडचा पेड उचला, दोनांवरून, एकाखालून, दोनांवरून नेऊन डावीकडे टाका. पुन्हा सगळ्यात उजवीकडचा. बस, हेच शेवटपर्यंत. दर वेळी उजवीकडूनच सुरुवात होत असल्यानं वेणी हळूहळू डावीकडे सरकते. दोन-तीन फेऱ्यांनी ती परत मधे ओढून घ्यायची. चौपेडी हवी असेल तर उजवीकडचा पेड एकावरून, एकाखालून, एकावरून. तीनपेडी तर सगळ्यांनाच येते. तिची सुरुवात मधून करून दोन्ही टोकांकडे गेलात तर दोन्ही टोकं सारखी होतात.

वेणी सैल घाला. केसांची वेणी आवळून घालतात ती दिवसभर टिकावी म्हणून. ही वेणी अजून फुगायची आहे. आवळली तर पेडांना वाढायला जागा उरत नाही आणि ओव्हनमध्ये त्या सांध्यावर फाटतात. दोन पेडांमध्ये पांढरट, खरबरीत पट्टा उमटतो तो बहुतेक वेळा याचा किंवा पीठ कमी फुगल्याचा पुरावा.

दुसऱ्यांदा फुगण्याचा काळ घड्याळावर ठरवता येत नाही. २६-२७ अंशांना ४५ ते ७५ मिनिटं हा अंदाज, पण निर्णय बोटाचा. पेडाच्या बाजूला हलकं दाबा. खळगा झटकन भरून आला तर अजून वेळ आहे. हळूहळू, अर्धवट भरून आला तर ओव्हनमध्ये टाका. खळगा तसाच राहिला तर उशीर झाला: वेणी पसरट होईल, रेषा पुसल्या जातील, तोंडात भुसभुशीत लागेल. साच्यात हा धोका कमी जाणवतो, कारण भिंती पिठाला धरून ठेवतात. पण जास्त फुगलेलं पीठ तिथेही दगा देतंच. पालथं केल्यावर मध्ये खचतं.

अंड्याच्या हातासाठी एक अंडं, एक बलक, चमचाभर पाणी आणि चिमूटभर मीठ फेटून पंधरा मिनिटं ठेवा. मिठानं अंड्याचा चिकट तारेपणा मोडतो आणि ब्रश सुरळीत फिरतो. वेणी घातल्याबरोबर एक हात, भाजण्याआधी दुसरा. खाचांमध्ये अंडं साचू देऊ नका. तिथे ते गोंदासारखं काम करतं आणि पेड वर येण्याऐवजी एकमेकांना चिकटून बसतात. १८० अंशांवर २५ ते २८ मिनिटं. २० व्या मिनिटाला रंग पुढे गेलेला दिसला तर वरून फॉइल सैल टाका. बूड लवकर करपत असेल तर एकाखाली एक दोन ट्रे ठेवा.

आता वेणी पसरण्याची तक्रार. त्यावरचा उपाय म्हणजे साधा धातूचा लोफ टिन, म्हणजे पाव भाजायचा लांबट डबा. वेणी हातानं घाला, दोन्ही टोकं खाली दुमडा आणि टिनमध्ये ठेवा. बाजूंनी आधार मिळतो, पीठ वर चढतं, वेणी वर उघडी राहते, अंड्याचा हात दोनदा देता येतो आणि धातू असल्यानं बूड-बाजूही भाजली जाते. सिलिकॉनचा साचा जे काम करतो म्हणून सांगतात ते हा टिन जास्त चांगलं करतो. दिसायला लांबुळकी वेणी नाही, चौकोनी वेणी मिळते, एवढीच तडजोड.

खाला हा ज्यू घरांत शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवसाला, लागणारा ब्रेड, त्यामुळे साच्याकडे त्या अंगानंही बघायला हवं. ब्रेड वेणीचाच हवा असा धर्मनियम नाही. वेणी ही मध्य आणि पूर्व युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंकडून आलेली चाल. त्यामुळे साच्यातल्या खालावर आशीर्वाद म्हणायला काही आडकाठी नाही. अडचण वेळेची आहे. शब्बाथच्या जेवणात दोन अख्खे ब्रेड लागतात, बायबलमधल्या कथेत वाळवंटात शुक्रवारी दुप्पट मिळालेल्या मान्नाची, म्हणजे आकाशातून आलेल्या अन्नाची, आठवण म्हणून. आणि शब्बाथला भाजणं वर्ज्य, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्ताआधी दोन्ही ओव्हनबाहेर हवेत. एका ट्रेवर दोन वेण्या अर्ध्या तासात होतात. एका साच्यात एक ब्रेड, तोही दोन टप्प्यांत, पस्तीस-चाळीस मिनिटं, मग साचा निववायचा, दुसरं पीठ भरायचं, ते पुन्हा तासभर फुगवायचं. हिवाळ्याच्या छोट्या शुक्रवारी हे गणित बसत नाही. घ्यायचेच तर दोन साचे घ्या, किंवा आदल्या दिवशी भाजून गोठवा. खाला गोठवून छान टिकतो; खोलीच्या तापमानाला आणून १५० अंशांवर दहा मिनिटं गरम केला की झालं.

दोन सहापेडी वेण्यांचे मिळून बारा पेड होतात. जेरुसलेमच्या प्राचीन मंदिरात ठेवल्या जाणाऱ्या बारा भाकरींशी त्यांचा संबंध जोडतात. साच्यातही सहापेडीचाच ठसा असतो, पण मोजायला जाल तर त्यात पेड शून्य. रोश हशानाला, म्हणजे नववर्षाला, गोल वळवलेला खाला करतात. तिथे हा लांबट साचा निरुपयोगी.

आणखी दोन गोष्टी. खाला सहसा लोणी-दुधाशिवाय करतात, कारण तो मांसाच्या जेवणाबरोबर खाता यावा लागतो. म्हणून कोशेर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणाऱ्या, स्वयंपाकघरात लोण्याच्या केकसाठी हा साचा वापरू नये. तो खालासाठीच राखून ठेवावा. आणि पिठातून तुकडा बाजूला काढण्याचा विधी, ज्यावरून ब्रेडला नाव मिळालं, तो मैद्याच्या वजनावर ठरतो. प्रचलित हिशेबानं सुमारे १.२ किलोखाली तुकडा काढत नाहीत, त्याहून वर आशीर्वाद न उच्चारता काढतात, आणि साधारण १.६७ किलोपासून आशीर्वाद उच्चारून काढतात. वेगवेगळ्या रब्बींचे (ज्यू धर्मगुरूंचे) आकडे थोडे इकडेतिकडे. काढलेला लिंबाएवढा किंवा त्याहून लहान तुकडा फॉइलमध्ये गुंडाळून जाळतात. वर दिलेल्या ५०० ग्रॅमला हा प्रश्न येत नाही.

मग साचा खरा कोणासाठी? ज्यांच्या पिठाची वेणी होऊच शकत नाही त्यांच्यासाठी. ग्लूटेन नसलेलं पीठ हे पीठ कमी आणि लगदा जास्त असतं. ते ओढलं जात नाही, वळलं जात नाही, पेड उचलला की तुटतो. तिथे साचा हा आळशीपणाचा मार्ग नसून एकमेव मार्ग आहे, आणि तिथे तो आपलं काम चोख करतो. सिलिएक, म्हणजे ग्लूटेन न सोसणारा आजार, असलेल्यांसाठी ओट्सचा खाला करतात, कारण आशीर्वादासाठी ब्रेड गहू, जव, राय, स्पेल्ट (गव्हाचाच एक जुना प्रकार) आणि ओट्स या पाच धान्यांपैकी एकाचा लागतो आणि त्यात ग्लूटेन-फ्री मिळू शकतात ते ओट्सच. पाकिटावर ग्लूटेन-फ्री असल्याची खूण हवी. साध्या ओट्समध्ये गव्हाचे कण मिसळलेले असू शकतात.

प्रमाण असं: ओट्सचं पीठ २५० ग्रॅम, टॅपिओका किंवा बटाट्याचा स्टार्च १५० ग्रॅम, इसबगोल १८ ग्रॅम, कोमट पाणी ३०० ग्रॅम, दोन अंडी, तेल ४० ग्रॅम, साखर ४० ग्रॅम, मीठ ७, इन्स्टंट यीस्ट ७. इसबगोल आधी पाण्यात ढवळून पाच मिनिटं ठेवा, जेलीसारखं होऊ द्या, मग बाकीचं घालून चार-पाच मिनिटं फेटा. मळायला काही नाही, कारण ताणायला ग्लूटेनच नाही. हे मिश्रण दीड लिटरच्या साच्यात दोन-तृतीयांशाच्या आत बसतं. इथे पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याचा नियम लावू नका, हे मैद्याइतकं फुगत नाही. ओल्या चमच्यानं खाचांत दाबून वरून सपाट करा. एकदाच फुगवायचं, काठाच्या थोडं खाली येईपर्यंत, ४० ते ५० मिनिटं. काठ ओलांडू दिलात तर ओव्हनमध्ये खाली बसेल. १८० अंशांवर साच्यात ३५ मिनिटं, पालथा करून अंड्याचा हात, आणखी दहा-बारा मिनिटं. आतलं तापमान इथे ९६ ते ९८ हवं. मैद्याचा ९० चा आकडा इथे लागू केला तर मध्यभागी कच्चट, चिकट पट्टा राहतो.

साचा गरम असतानाच कोमट पाण्यात भिजत टाका आणि खाचा मऊ ब्रशनं घासा. सुरीचं टोक लागलं तर तिथे चर पडतो आणि पुढचा प्रत्येक ब्रेड त्याच जागी अडकतो. सिलिकॉनला तेलाचा जुना वास धरायची सवय असते. तो आला तर रिकामा साचा १८० अंशांवर वीस मिनिटं ठेवा, खिडकी उघडी टाकून. आणि ग्लूटेन-फ्री खाला जाळीवर पुरता निवेपर्यंत, निदान दोन तास, कापायला घेऊ नका. कोमट असताना सुरी लावलीत तर स्टार्च पात्याला गोंदासारखा लागतो, आणि साच्यानं इतक्या निगुतीनं उठवलेली वेणी पहिल्याच कापात चपटी होते.